जुन्या कार्यालयांच्या रंगातले शिसे: तपासणी कशाची आणि कशासाठी

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, काळबादेवी किंवा मशीद बंदर या भागांतल्या जुन्या व्यापारी इमारतींच्या फायलींत कोणती तुळई गंजली, कोणता सज्जा धोक्याचा आहे आणि गळती कुठून होते याची पानेच्या पाने सापडतात. त्याच इमारतीच्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि जिन्याच्या कठड्यावर कित्येक दशकांत चढलेल्या रंगात काय आहे, याबद्दल मात्र त्या फायलीत बहुधा एक ओळही नसते. यात ऑडिट करणाऱ्याची चूक नाही. इमारत उभी राहील का, एवढेच त्याला विचारलेले असते. रंग खरवडताना उडणाऱ्या धुळीत शिसे आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो.

फोर्टमधील अशाच एका इमारतीच्या जिन्यात कठड्याच्या बिडाच्या खांबावरून सुटलेला रंगाचा एक पोपडा मी हातमोजा घालून उचलला आणि कडेने पाहिला. सर्वांत वर चॉकलेटी ऑइल पेंट होता, त्याखाली राखाडी, मग जुन्या कचेऱ्यांत असायचा तसा हिरवा, मग सायीसारखा पिवळसर, आणि अगदी तळाशी, बिडाला चिकटून राहिलेला, लख्ख शेंदरी थर. सोबतचा रंगारी म्हणाला, ‘रेड ऑक्साइड आहे साहेब, नेहमीचाच.’ रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि त्याचा रंग विटकरी असतो. इतका शेंदरी दिसणारा जुना प्रायमर बहुधा ‘रेड लेड’ असतो, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, म्हणजे मारुतीच्या मूर्तीला लावतात तो पारंपरिक शेंदूर. अर्थात रंगावरून बांधलेला हा अंदाजच झाला. शेंदरी दिसणारे सगळे शिसे नसते आणि शिसे असलेले सगळे शेंदरी नसते, म्हणून तपासणी करावी लागते.

शिसे रंगात येण्याच्या वाटा मुळात तीन होत्या. पहिली वाट रंगद्रव्याची: सफेदा म्हणून वापरले जाणारे शिशाचे कार्बोनेट, गंजरोधक म्हणून वापरला जाणारा शेंदूर, आणि पिवळ्या, नारिंगी व हिरव्या छटांसाठी लागणारे शिशाचे क्रोमेट. दुसरी वाट ऑइल पेंट लवकर सुकावा म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांची, ज्यामुळे वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या पांढऱ्या रंगातही शिसे निघू शकते. तिसरी वाट कच्च्या मालातील भेसळीची. चुन्याच्या सफेदीत किंवा साध्या डिस्टेंपरमध्ये शिसे असण्याची शक्यता फार कमी असते, आणि म्हणून जुन्या इमारतीत नजर आधी जाते ती लाकूड आणि लोखंड यांच्यावरच्या तेलरंगाकडे. (शिसपेन्सिलीचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, तिच्यात ग्रॅफाइट असते, केवळ नाव शिशाचे चिकटले आहे.)

हा धोका काही काल-परवा कळलेला नाही. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेद्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला होता. मात्र त्यात रेल्वे स्थानके आणि औद्योगिक आस्थापना यांच्यासाठी, गरज वाटल्यास, सवलतीची पळवाट ठेवलेली होती. अमेरिकेने १९७८ साली शिशाच्या रंगावर बंदी घातली ती घरगुती वापराच्या रंगापुरती. पोलाद रंगवण्याचे औद्योगिक रंग तिच्या बाहेर राहिले. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, ही शिशाची सक्तीची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आणली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. इथेही औद्योगिक रंग वगळलेलेच आहेत. व्यापारी इमारतींच्या बाबतीत याचा अर्थ असा की, ‘आमची इमारत तेवढी जुनी नाही’ हे उत्तर भारतात फारसे चालत नाही. १९९५ साली बांधलेल्या कार्यालयातही खिडकीच्या ग्रिलला शिशाचा रंग असू शकतो.

आता हा रंग भिंतीवर शांत बसलेला असेल, त्यावर वरचे थर घट्ट असतील, तर त्याच्याजवळ बसून हिशेब लिहिणाऱ्याला त्याचा उपद्रव होत नाही. तो सुरू होतो रंग पोपडे धरून गळू लागला की, दार चौकटीला घासून भुकटी पडू लागली की, आणि सर्वांत जास्त, जागा नव्याने सजवायला घेतली की. व्यापारी इमारतीचे वैशिष्ट्य इथे दिसते. घर दहा-पंधरा वर्षांनी रंगते, पण कार्यालयाची जागा भाडेकरू बदलला की पुन्हा खरवडली जाते, आणि ते काम बहुधा शनिवारी-रविवारी, दारे-खिडक्या बंद करून, ठेकेदाराच्या चार माणसांकडून, कोरड्या घासकामाने उरकले जाते.

त्यात किती शिसे मोकळे होते याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम शिसे असलेला रंग घेतला, तर एका चौरस फुटावर, म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटरवर, जेमतेम एक ग्रॅम शिसे असते. हा एक चौरस फूट पॉलिश पेपरने कोरडाच घासला आणि त्याची धूळ दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सारखी पसरली, तर फरशीच्या दर चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसे पडेल. अमेरिकेत असे काम आटोपल्यानंतर राहत्या घराच्या फरशीवर किती शिसे चालेल याची मर्यादा २०२४ च्या सुधारणेत चौरस फुटाला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे. हा हिशेब ढोबळ आहे आणि सगळी धूळ अशी सारखी पसरत नाही हे मान्य केले, तरी हातभर रंग घासल्याने खोलीभर प्रश्न निर्माण होतो हे त्यातून कळते.

शरीरात गेलेले शिसे रक्तातून सुमारे महिनाभरात निम्मे होते, पण त्यातला बराच भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे कित्येक वर्षे राहतो. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम सुटते तेव्हा त्याच्याबरोबर शिसेही बाहेर पडून गर्भापर्यंत पोचू शकते. प्रौढांत रक्तदाब, मूत्रपिंड आणि मज्जासंस्था यांच्यावर त्याचा परिणाम होतो, आणि लहान मुलांत मेंदूच्या वाढीवर. गिळलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा चार-पाच पटींपर्यंत जास्त शोषू शकते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. कार्यालयात मुले कुठली, असे वाटेल. पण २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि जुन्या इमारतीत त्यासाठी मोकळी निघणारी खोली पुष्कळदा मागच्या बाजूची, वर्षानुवर्षे रंग न लावलेली असते.

म्हणूनच प्रयोगशाळेला फोन करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे ठरवावे लागते. ‘इमारतीत शिसे आहे का’ हा प्रश्न तपासणीसाठी फार सैल आहे. या दारावरच्या रंगात शिसे आहे का, हा एक प्रश्न. या फरशीवरच्या धुळीत ते आले आहे का, हा दुसरा. नळाच्या पाण्यात उतरते आहे का, हा तिसरा. आणि काम करणाऱ्याच्या श्वासात किंवा रक्तात गेले आहे का, हा चौथा. प्रत्येकाची चाचणी वेगळी, एकक वेगळे आणि मर्यादा वेगळी. माझ्या पाहण्यातले बहुतेक घोटाळे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावल्याने झालेले आहेत.

रंगाची जागेवरच, न खरवडता तपासणी करायची असेल तर एक्सआरएफ हे बंदुकीच्या आकाराचे यंत्र वापरतात. ते रंगावर क्ष-किरण सोडते, आणि त्या माऱ्याने शिशाच्या अणूच्या आतल्या कक्षेतील एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तळमजल्यावरचा गाळा रिकामा झाला की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येतो, तसा बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा किरण सोडतो. शिशाचे हे किरण दोन गटांत येतात: सुमारे १०.५ आणि १२.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) कमजोर, आणि सुमारे ७५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे जोरदार. कमजोर किरण वरच्या थरांतच अडकतात, जोरदार किरण तळापासून बाहेर येतात. चॉकलेटी रंगासह वरच्या चार थरांआड दडलेला शेंदूर कमजोर किरण मोजणाऱ्या यंत्राला कमी दिसू शकतो, म्हणून यंत्र कोणते किरण मोजते हे तपासनिसाला विचारायला संकोच करू नये. भारतात अशी उपकरणे बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार परवानगी लागते, तीही विचारावी. सपाट दारावर हे यंत्र छान चालते. बारीक गज किंवा नक्षीच्या गोल कठड्यावर त्याचे तोंड नीट टेकत नाही आणि आकड्यावरचा भरवसा कमी होतो.

अशा वेळी, किंवा वाचन सीमारेषेवर अडकले तर, रंगाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. धारदार पात्याने ठरावीक मापाचा चौकोन कापून सर्व थर तळापर्यंत, पण खालचे लाकूड किंवा गिलावा न घेता, उचलायचे असतात. प्रयोगशाळेत तो तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातील शिसे आयसीपी किंवा अणुशोषण या, द्रावणातील धातूचे प्रमाण सांगणाऱ्या, पद्धतींनी मोजतात. ऐकायला सोपे असलेले हे काम नमुना घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. चार सारख्या जाडीचे थर आहेत आणि फक्त तळाच्या थरात २ टक्के शिसे आहे असे समजा. चारही थर आले तर अहवालात सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ५,००० पीपीएम येईल; त्याबरोबर तेवढ्याच वजनाचा गिलावा आला तर आकडा निम्म्यावर येईल; आणि तळाचा थर भिंतीलाच चिकटून राहिला तर अहवाल म्हणेल की शिसे नाही. तिन्ही वेळा भिंत तीच, रंग तोच. यासाठी चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम हे एकक अधिक विश्वासाचे ठरते, कारण गिलावा जास्त आला तरी क्षेत्रफळ बदलत नाही. मात्र त्यासाठी कापलेल्या चौकोनाचे माप नेमके नोंदवलेले असले पाहिजे.

बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्यांचा मोह अनेकांना होतो. सोडियम रोडिझोनेट हे रसायन शिशाशी संयोग झाल्यावर गुलाबी किंवा लाल होते, आणि सल्फाइडच्या द्रावणाने शिसे काळे पडते. शेंदरी पार्श्वभूमीवर गुलाबी छटा ओळखणे किती कठीण आहे हे ती काडी हातात घेतल्यावरच कळते. शिवाय वरचा थर कापून सर्व थर उघडे केले नाहीत तर काडी फक्त वरच्या रंगाला भेटते. प्राथमिक अंदाजापलीकडे, आणि विशेषतः ‘शिसे नाही’ असा निर्वाळा देण्यासाठी, तिच्यावर विसंबू नये.

किती ठिकाणी तपासायचे, हा पैशाचा प्रश्न असल्याने तिथेच काटकसर होते. संपूर्ण इमारतीसाठी एक नमुना घेऊन काही कळत नाही, कारण दार १९३० चे असेल, शेजारची चौकट १९८० ची आणि ग्रिल परवाचे. त्यासाठी दालन, त्यातील वस्तू आणि तिच्या रंगाखालचे साहित्य यांची सांगड घालून यादी करतात: दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयाचे लाकडी दार, त्याच कार्यालयाच्या खिडकीचे लोखंडी गज, जिन्याचा बिडाचा कठडा, याप्रमाणे. जिथे पुढच्या सहा महिन्यांत हत्यार लागणार आहे त्या वस्तू यादीत आधी याव्यात. पोटमाळ्यावरचे, ज्याला कोणी हात लावत नाही असे दार नंतर पाहिले तरी चालेल.

अहवाल हाती आला की सर्वांत मोठी चूक होते ती ९० या आकड्याशी तुलना करण्याची. भारतातील ९० पीपीएम ही मर्यादा बाजारात विकल्या जाणाऱ्या नव्या रंगासाठी आहे. पन्नास वर्षांपूर्वी भिंतीवर चढलेल्या रंगाला ती लावली तर जवळपास प्रत्येक जुना तेलरंग नापास होईल आणि मालक हताश होऊन अहवाल बाजूला ठेवील. अमेरिकेत जुन्या रंगाला ‘शिसेयुक्त’ ठरवण्याची रेषा चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा वजनाने अर्धा टक्का अशी आहे, आणि तीही मूळची राहत्या घरांसाठी आखलेली. दुसऱ्या बाजूने, त्या रेषेच्या खाली आले म्हणून बिनधास्त घासावे असेही नाही. अमेरिकेचा बांधकाम कामगारांसाठीचा नियम रंगातील टक्का पाहतच नाही, तर कामगाराच्या श्वासातील हवा पाहतो: आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमवर सावधगिरीचे उपाय सुरू होतात आणि ५० ही कमाल मर्यादा. ०.३ टक्के शिशाचा रंगही कोरड्या ग्राइंडरने बंद खोलीत घासला तर हवेत ही मर्यादा सहज ओलांडू शकतो.

धुळीची चाचणी दिसायला अगदी घरगुती असते. ठरावीक मापाचा, बहुधा एक चौरस फुटाचा, चौकोन आखून ओलसर पुसणी नागमोडी फिरवतात, मग घडी घालून काटकोनात पुन्हा फिरवतात, आणि ती पुसणी नळीत बंद करून पाठवतात. फरशी, खिडकीचा कट्टा आणि खिडकीची खाच यांचे नमुने वेगळे घ्यावे लागतात, कारण खिडकीच्या खाचेत वर्षानुवर्षांची भुकटी साचलेली असते. जुन्या मुंबईत एक अडचण जास्तीची: रस्त्याची धूळही आत येते, आणि देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत वापरात होते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीचा एक नमुना हाताशी असेल तरच कामानंतरच्या नमुन्याला अर्थ येतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. जुन्या बांधकामात बिडाच्या सांडपाण्याच्या नळांचे सांधे वितळलेले शिसे ओतून भरलेले असतात, पण ते पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर नसतात. पिण्याच्या पाण्यात शिसे उतरते ते मुख्यतः जुन्या शिशाच्या नळ्या, डाख आणि पितळी तोट्या यांतून. नळी शिशाची आहे का हे पाहायला किल्लीने हलकेच ओरखडा काढावा. आत चंदेरी मऊ धातू चमकला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर संशय घेण्यासारखे आहे. पाण्याचा नमुना कार्यालयात सोमवारी सकाळी, कोणीही नळ उघडण्यापूर्वी घ्यावा, कारण नळीत बराच वेळ उभ्या राहिलेल्या पाण्यात शिसे जास्त उतरलेले असते. नंतर काही मिनिटे नळ वाहू देऊन दुसरा नमुना घेतला की दोष तोटीत आहे की आतल्या नळीत याचा अंदाज येतो. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून शिसे जात नाही.

रंगात शिसे निघाले म्हणजे सगळा रंग काढलाच पाहिजे असे मुळीच नाही. घट्ट बसलेला रंग तसाच ठेवून त्यावर नवा थर चढवणे हे बहुतेक वेळा सर्वांत कमी धोक्याचे काम असते. जिथे खरवडावेच लागते तिथे पृष्ठभाग सतत ओला ठेवून रंग हातपत्र्याने काढावा. ब्लो लॅम्पची ज्योत आणि तापलेली हीट गन टाळावी, कारण त्यांनी शिशाचा धूर होतो. खोली जाड प्लास्टिकने वेगळी करून एसीची परतीची जाळी बंद करावी, नाहीतर एका केबिनची धूळ संपूर्ण मजल्यावर पोचते. साधा व्हॅक्युम क्लीनर बारीक धूळ मागून पुन्हा हवेत सोडतो, त्यामुळे अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी असलेलाच लागतो. रंगाऱ्यांसाठी नुसता रुमाल पुरत नाही. मास्क, जेवणाआधी हात-तोंड धुण्याची सोय, आणि कामाचे कपडे घरी न नेण्याची व्यवस्था ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावी. त्याच कपड्यांवरून शिसे रंगाऱ्याच्या घरातल्या मुलांपर्यंत जाते.

उरतो तो कचरा. खरवडलेला रंग राडारोड्याच्या गोणीत टाकण्याआधी त्याची निक्षालन चाचणी करावी. त्यात नमुना आम्लधर्मी द्रवात अठरा तास घुसळून किती शिसे बाहेर येते ते पाहतात, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक निघाले तर तो घातक कचरा ठरतो. जुन्या सागवानी चौकटींचा प्रवास मात्र याहून लांबचा असतो. त्या भंगारवाल्याकडे जातात, तिथे कोणीतरी त्या घासून फर्निचरसाठी विकतो, आणि न विकलेले तुकडे सरपण म्हणून एखाद्या भट्टीत जातात. म्हणून चौकट देताना तिच्यावरच्या रंगाचा अहवाल सोबत द्यावा, किंवा निदान खडूने तिच्यावर ‘शिशाचा रंग’ एवढे तरी लिहावे. फोर्टमधल्या त्या इमारतीत आम्ही तेच केले, आणि भंगारवाल्याने कारण विचारून घेतले.